नावाआधी नंबर: घरातल्या सुभेदाराचं युद्ध आणि नंतरचं आयुष्य शोधताना

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव कुठल्या तरी घराच्या सोप्यात फेटा बांधलेल्या, छातीवर पदकं लावलेल्या माणसाचा फोटो टांगलेला असतो. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीच्या तर नावातच 'सैनिक' आहे. फोटोतल्या माणसाबद्दल घरात विचारलं की ठरलेली तीन वाक्यं मिळतात: सुभेदार होते, जर्मनच्या लढाईत होते, सरकारनं जमीन दिली. या तीन वाक्यांवरून त्या माणसाची भरती, लढाई, कैद, बढती, पेन्शन आणि जमीन हे सगळं कागदावर उभं करता येतं. फक्त सुरुवात नावापासून करायची नाही.

कारण साधं आहे. 'दत्तू पाटील' किंवा 'रामा पोवार' या नावाची माणसं एकेका पलटणीत कितीतरी होती. लष्कराच्या लेखी माणूस म्हणजे नंबर आणि पलटण. ही जोडी हाती नसताना केलेल्या अर्जाला बहुतेक वेळा 'तपशील अपुरा' एवढंच उत्तर येतं आणि वर्ष फुकट जातं.

आधी ट्रंक उघडा

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. घरात त्याला 'मिलिट्रीचं पुस्तक' म्हणतात आणि ते बहुधा जमिनीच्या कागदांतच बांधलेलं असतं. त्यात नंबर, हुद्दा, बापाचं नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, अंगावरच्या खुणा, पदकं, वर्तणुकीचा शेरा आणि नोकरी संपण्याचं कारण असतं. शेवटचा रकाना नीट वाचा. स्वतःच्या विनंतीवरून सुटणं, फौज कमी केल्यामुळे सुटणं आणि बडतर्फ होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचं सगळं आयुष्य, म्हणजे पेन्शन मिळाली की नाही, जमीन मिळाली की नाही, हे त्या एका ओळीवर ठरलेलं असतं.

पुस्तक नसेल तर पेन्शनचा आदेश, म्हणजे पी.पी.ओ., शोधा. तोही नसेल तर जुनं पोस्टाचं किंवा बँकेचं पेन्शन पासबुक पाहा, त्यावर पी.पी.ओ. नंबर लिहिलेला असतो. त्यावरून मूळ नोंदीपर्यंत जाता येतं.

यातलं काहीच नसेल तर पदकं. पहिल्या महायुद्धाच्या दोन गोल पदकांच्या, म्हणजे चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि काशाचं व्हिक्टरी मेडल यांच्या, कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ स्टार असेल तर हीच माहिती मागच्या बाजूला. ही अक्षरं वाचायची म्हणून पदक चिंच, लिंबू किंवा भांड्याच्या पावडरीनं घासू नका. घरोघरी दसऱ्याला पदकं लख्ख करण्याची हौस असते आणि त्याच हौसेपायी कडेचे नंबर गुळगुळीत झालेले आहेत. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी पदकाला जवळजवळ आडवी धरा आणि पदक बोटभर फिरवत आठ-दहा फोटो घ्या. सरळ उजेडात न दिसणारा आकडा तिरक्या उजेडात सावलीनं उठून येतो.

दुसऱ्या महायुद्धाचे सहा टोकांचे स्टार मात्र बिननावाचेही दिले गेले. नाव नाही म्हणून पदक खोटं समजू नका. तिथं फीत बोलते. हिरवा, पांढरा, तांबडा रंग असलेली फीत इटली स्टारची: ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. गडद निळी, मधे रुंद तांबडा पट्टा आणि दोन बाजूंना नारिंगी रेघा, तो बर्मा स्टार: ११ डिसेंबर १९४१ पासून २ सप्टेंबर १९४५ पर्यंत. वाळूच्या रंगाची, मधे तांबडा आणि कडेला दोन निळ्या छटांचे पट्टे, तो आफ्रिका स्टार: १० जून १९४० ते १२ मे १९४३. आफ्रिका स्टार फक्त वाळवंटाचा नाही, इरिट्रियातली केरनची लढाईही त्यात येते. 'आजोबा आफ्रिकेत डोंगरात लढले' असं घरात सांगत असतील तर ते केरन असण्याची शक्यता मोठी. फीत नंतर बदललेली असू शकते, म्हणून एकट्या फितीवर निकाल देऊ नका.

फोटोतला तारा

हुद्द्याचा घोळ बहुतेक फोटोवरून होतो. बाहीवर एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. खांद्यावर तारा दिसला की घरचे 'ऑफिसर' म्हणतात, आणि ते चूकही नाही. पण इंग्रजी अमदानीत जमादार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे व्हाइसरॉयचं कमिशन असलेले अधिकारी होते आणि लेफ्टनंट, कॅप्टन यांची शिडी वेगळी होती. जमादाराचा एक तारा आणि सेकंड लेफ्टनंटचा एक तारा जुन्या कृष्णधवल फोटोत सारखाच दिसतो. 'जमादार' हा हुद्दा १९६५ मध्ये 'नायब सुभेदार' झाला, म्हणजे त्यानंतरच्या कागदात जमादार सापडणार नाही.

'कॅप्टन होते' असं घरात ठामपणे सांगतात आणि कागदावर सुभेदार मेजर निघतात, तेव्हा वाद घालू नका. निवृत्तीच्या वेळी चांगल्या सुभेदारांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन करण्याची पद्धत आहे. दोन्ही खरं असतं.

आता नंबराची मेख. सुभेदारापर्यंत गेलेल्या माणसाला एक नव्हे, निदान दोन नंबर असतात. शिपाई म्हणून भरती झाला तेव्हाचा एक, आणि कमिशन मिळाल्यावरचा दुसरा. दुसऱ्या महायुद्धात व्हाइसरॉयच्या कमिशनवाल्यांच्या नंबरापुढे 'आय.ओ.' असे, स्वातंत्र्यानंतर 'जे.सी.' आला. पदकावर एक नंबर आणि पी.पी.ओ.वर दुसरा दिसला की 'ही दोन माणसं असावीत' असं वाटतं. अर्जात दोन्ही लिहा.

पहिल्या महायुद्धातले नंबर तीन-चार आकडी आणि पलटणीपुरते होते. तोच २३१४ नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा. त्या काळाचा नंबर पलटणीशिवाय निरुपयोगी आहे.

पलटण एकच, नावं तीन

डिस्चार्ज बुकात '३/५' असं दिसलं आणि कुणी ते तीन मे वाचलं, असं होतं. ती तारीख नाही. ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १९२२ च्या फेररचनेत जुन्या पलटणींना नवे आकडे मिळाले: १०३ ची १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५, जी नव्या पोरांना तयार करणारी. त्यामुळे १९१५ ला ११० मराठात भरती होऊन १९३० ला ३/५ मधून सुटलेला माणूस पलटण बदलून गेलेला नसतो, नाव बदललेलं असतं. ३/५ पुढे १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. 'मराठाचे होते, मग पॅरात कसे' याचं उत्तर तेच. इंग्रजी कागदात 'मराठा'चं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए असं आहे. साध्या स्पेलिंगनं शोधलं तर काहीच सापडत नाही.

पलटण कळली की लढाई कळते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. घरातलं 'बसऱ्याला गेले होते' हे वाक्य बऱ्याचदा याचं असतं, कारण बसरा हे उतरायचं बंदर होतं, लढाई पुढं वर नदीकाठी. केरनला १९४१ मध्ये ३/५ होती. २/५ ही जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा जवळजवळ सगळी कैद झाली. ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांपुढे उभी होती. इटलीत ३/५ च्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि १/५ च्या शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपला माणूस त्या दिवशी त्याच बटालियनीत होता का, हे भरतीच्या आणि बदलीच्या तारखांवरून पडताळा. पलटण तिथं होती म्हणजे माणूस तिथं होताच असं नाही. तो दवाखान्यात, रजेवर किंवा बेळगावच्या सेंटरला असू शकतो.

आणि प्रत्येक जण मराठा लाइट इन्फंट्रीतच होता हे गृहीत धरू नका. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, तिचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला आहे. सॅपर्सवाल्यांचे, म्हणजे लष्करी इंजिनिअर पलटणींचे, कागद खडकीला, तोफखान्याचे नाशिकला. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स ही तर आणखी वेगळी: संस्थानी फौज. तिच्या जुन्या नोंदी संस्थानच्या दप्तरात शोधाव्या लागतात. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतर ती माणसं भारतीय लष्करात आली.

गाव कुठल्या जिल्ह्यात होतं?

चंदगडकरांनी हे आधी वाचावं. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणून तिथला १९४२ चा जवान 'जिल्हा बेळगाव' असा सापडतो आणि कोल्हापूर टाकून शोधणारा हात हलवत परत येतो. संस्थानात तालुक्याला पेटा म्हणत. हातकणंगल्याच्या भागाचा पेटा 'आळते' या नावानं लिहिला जाई. आजरा इचलकरंजी जहागिरीत होतं. कागल, बावडा, विशाळगड, कापशी याही जहागिरी. नोंदीत तालुक्याच्या जागी जहागिरीचं नाव आलं तर गोंधळू नका.

आडनावांचं स्पेलिंग भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानावर होतं. पवार आणि पोवार दोन्ही तपासा, जाधवच्या शेवटी 'व्ही' ऐवजी 'ओ' टाकून पाहा, पाटीलचा 'पटेल' झालेला असतो, चव्हाणची तर चार-पाच रूपं. कधी आडनावच नाही, फक्त 'गणू रामा'.

लढाईत गेलेल्यांची यादी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद मोफत पाहता येते. तिथं फक्त मेलेल्यांची नावं आहेत. जिवंत परत आलेल्या पणजोबांना तिथं दिवस-दिवस शोधणारे लोक आहेत. तारखांची मर्यादाही लक्षात ठेवा: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे लढाई संपल्यावर दोन वर्षांनी दवाखान्यात वारलेला जवानही यादीत असू शकतो.

शोधताना नावाचा रकाना मोकळा सोडा. रेजिमेंट निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात इंग्रजीत 'कोल्हापूर' टाका, मग गावाचं नाव निरनिराळ्या स्पेलिंगनं. दुसऱ्या युद्धाच्या बऱ्याच नोंदींत बापाचं, बायकोचं आणि गावाचं नाव असतं. पहिल्या युद्धाच्या नोंदींत ते क्वचित.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, स्मारक जिथं आहे तिथंच माणूस पडला असं नाही. ज्यांचं दहन झालं किंवा देह सापडला नाही त्यांची नावं एकत्र स्मारकावर येतात. दोन, बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नाव भिंतीवर नाही म्हणजे माणूस यादीत नाही असं नव्हे.

बेळगावला अर्ज

मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावात आहे. आधी कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिक किंवा त्यांची पत्नी यांची नोंद तिथं असेल तर नंबर तिथंच मिळतो आणि पत्र योग्य नमुन्यात कसं लिहायचं तेही कळतं.

अर्ज एका पानाचा, इंग्रजीत. नंबर (सगळे), हुद्दा, नाव लष्करी कागदात जसं आहे त्याच स्पेलिंगनं, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा तेव्हाचा आणि आताचा, भरती आणि सुटण्याचं साधारण वर्ष, तुमचं नातं. सोबत मृत्यूचा दाखला आणि नातं सिद्ध करणारा कागद: वारस दाखला, वारसाचा फेरफार, शाळेचा दाखला अशी साखळी लागते. पणतू असाल तर मधल्या दोन पिढ्यांचा दुवा दाखवणारा कागद हवाच. अर्ज बहुतेक इथंच अडतात. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. थेट माहिती अधिकारात गेलात तर 'खासगी माहिती' म्हणून नकार येऊ शकतो, म्हणून आधी वारस म्हणून साधा अर्ज करणं बरं.

पेन्शन नसलेल्या सैनिकांची सेवा-कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट करतात. 'कागद नष्ट झाले' हे उत्तर आलं की बहुतेक जण थांबतात. थांबू नका. 'लाँग रोल' नावाची नोंदवही जपलेली असते. तिच्यात माणसाची एकच ओळ असते, पण त्या ओळीत भरती, सुटका आणि कारण असतं. दुसऱ्या पत्रात 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा' असं स्पष्ट लिहा. खरं तर पहिल्याच पत्रात लिहा.

मधली गायब वर्षं

घरच्या गोष्टींत दोन-तीन वर्षं कुणीच बोलत नाही, असं बऱ्याच घरांत आढळतं. तिथं कैद असते. कुतच्या कैद्यांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेलं आणि हिंदी शिपायांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावलं. त्यातून परतलेली माणसं फार बोलली नाहीत. युद्धकैद्यांच्या नोंदींसाठी जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या अभिलेखागाराकडे विनंती करता येते. ते वर्षातून ठरावीक वेळीच आणि मोजकेच अर्ज घेतात, तेव्हा आधी तारीख पाहून ठेवा.

दुसऱ्या युद्धातला कैदी असेल तर आणखी एक शक्यता तपासायची: आझाद हिंद सेना, किंवा जर्मनीतली हिंदी फौज. युद्धानंतर इंग्रजांनी आझाद हिंदच्या माणसांची पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली. पांढऱ्यांना परत घेतलं, करड्यांना सोडून दिलं, काळ्यांना बडतर्फ करून थकलेला पगारही बुडवला. डिस्चार्ज बुक घरातून गायब असणं, किंवा कारणाचा रकाना खरवडलेला असणं, याची हीच कथा असू शकते. बडतर्फीची लाज पुढं अभिमानाची झाली, पण तोवर कागद चुलीत गेलेला असतो. अशा वेळी लष्कराकडे नव्हे, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्वातंत्र्यसैनिक विभागाकडे जा. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झाली आणि त्यात आझाद हिंदचे लोकही आले. त्या अर्जाच्या फायलीत माणसानं स्वतः लिहिलेली हकिगत, सोबतच्या कैद्यांचे दाखले, तुरुंग किंवा छावणीचं नाव असं सगळं असतं. लष्कराच्या एका ओळीपेक्षा ही फाईल कितीतरी श्रीमंत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही आझाद हिंदचे कागद शोधता येतात.

जमीन आणि पेन्शन

१९४५-४६ ला फौज झपाट्यानं कमी केली तेव्हा चार-पाच वर्षं नोकरी झालेले हजारो जण थोडी रक्कम हातात घेऊन घरी आले. त्यांना पेन्शन नव्हती, म्हणून पी.पी.ओ. नाही. 'पेन्शन नव्हती म्हणजे काहीतरी भानगड' हा भाऊबंदकीतला आरोप यावरच उभा असतो; तो खोटा ठरवायला लाँग रोलचं कारण पुरेसं आहे. 'जंगी इनाम' असा शब्द घरात ऐकू आला तर ते शौर्याबद्दलचं जादा पेन्शन असू शकतं. इनाम म्हटलं की लगेच जमीन शोधायला जाऊ नका.

जमीन खरोखर मिळाली असेल तर सातबारा सांगतो. सर्वांत जुना हस्तलिखित सातबारा काढा. नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. त्या फेरफाराची नक्कल घ्या, तिच्यात मागच्या फेरफाराचा उल्लेख असेल तर त्याची, असं एकेक पायरी मागं जा. माजी सैनिक म्हणून दिलेली जमीन बहुधा नवीन शर्तीची, आताच्या भाषेत भोगवटादार वर्ग २ ची असते. जिथं पहिल्यांदा त्या माणसाचं नाव लागलं त्या फेरफारात जमीन देण्याच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख मिळते. तो क्रमांक घेऊन रेकॉर्ड रूममध्ये मूळ आदेशाची नक्कल मागा. त्यात नंबर, पलटण आणि सेवेचा तपशील येण्याची चांगली शक्यता असते. ट्रंकेत काहीच न मिळालेल्यांना नंबर कधीकधी इथं सापडतो, म्हणजे उलट्या बाजूनं सुरुवात होते.

जन्म-मृत्यूसाठी तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. डिस्चार्ज बुकातलं वय त्याच्याशी जुळेल अशी अपेक्षा नको. भरतीत वय अंदाजे लिहीत आणि सोळाची पोरं अठराची होत. जुनी पानं मोडीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून यातली बरीच दप्तरं तपासून स्कॅन झाली आहेत, म्हणून आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपलं गाव पाहा, मग मोडी जाणकाराला गाठा. संस्थानी कागदात सन फसली, म्हणजे महसुलाचं वर्ष, असेल तर त्यात ५९० मिळवा: फसली १३३० म्हणजे जून १९२० ते जून १९२१, कारण फसली वर्ष मृगाला सुरू होतं. जानेवारीपासून मृगापर्यंतचा महिना असेल तर ५९१ मिळवायचे. शक असेल तर ७८. सन कुठला ते लिहिलेलं नसेल तर आकडा पाहा: १३०० च्या घरातला फसली, १८०० च्या घरातला बहुधा शक. पण १८९० सारखा आकडा इसवीही असू शकतो, तिथं शेजारचा महिना चैत्र आहे की एप्रिल, ते बघून मगच वहीत उतरवा.